डिजिटल टेम्पररी कॅप पुन्हापुन्हा तुटते, पिवळी पडते: कारण कुठे शोधायचं

लॅबमध्ये परत आलेल्या टेम्पररी कॅपसोबत (कायमची येईपर्यंत दातावर बसवायची तात्पुरती टोपी) बहुतेक वेळा एकाच मजकुराची चिठ्ठी असते: "तुटली, नवीन पाठवा." फाईल संगणकात असतेच. बटण दाबलं की संध्याकाळपर्यंत दुसरी कॅप तयार. डिजिटल कामाची मोठी सोय ही, आणि घोळही हाच. हाताने ॲक्रिलिकची कॅप बनायची तेव्हा दुसऱ्यांदा बनवणारा माणूस न सांगता जाडी थोडी वाढवायचा, मार्जिन (हिरडीजवळची कड) सावरून घ्यायचा. फाईलला तेवढी अक्कल नसते. जी जागा पातळ होती तीच जागा तेवढीच पातळ पुन्हा निघते, आणि कॅप पुन्हा तिथेच तुटते.

म्हणून पहिली विनंती डॉक्टरांना: तुकडे फेकू नका. एका लहान डबीत घालून लॅबला पाठवा. आणि लॅबवाल्या मित्रांना: तुकडा भिंगाखाली पाहिल्याशिवाय तीच फाईल पुन्हा चालवू नका. कॅप कुठून तुटली यावरून कारण बऱ्याच अंशी कळतं.

आधी एक प्रश्न: मिल्ड की प्रिंटेड?

दोन्हींना आपण सरसकट "डिजिटल टेम्पररी" म्हणतो, पण दोन्हींचे आजार वेगळे. मिल्ड कॅप पीएमएमएच्या (एक प्रकारचं ॲक्रिलिक) तयार डिस्कमधून किंवा ब्लॉकमधून कोरली जाते. हा ब्लॉक कारखान्यात उष्णता आणि दाबाखाली घट्ट झालेला असतो. त्यात पोकळ्या आणि उरलेला मोनोमर (घट्ट न झालेला कच्चा द्रव) खुर्चीवर कालवलेल्या ॲक्रिलिकपेक्षा बराच कमी, त्यामुळे ताकदही बरी आणि रंगही जास्त टिकतो. प्रिंटेड कॅप पातळ रेझिनवर प्रकाश टाकून थराथराने बनते. एकेक थर साधारण ५० किंवा १०० मायक्रॉनचा. प्रिंटरमधून निघते तेव्हा ती अर्धकच्ची असते. धुणं, वाळवणं आणि लाइटबॉक्समध्ये पकवणं हे सगळं नीट झालं तरच तिच्यात ताकद येते. थोडक्यात, मिल्ड कॅप तुटली तर संशय आधी डिझाइनवर आणि दाताच्या कटिंगवर घ्या. प्रिंटेड तुटली तर त्याआधी लॅबमधल्या धुण्याच्या भांड्याकडे बघा.

वरून भोक किंवा तडा: जाडी कमी

सर्वांत जास्त परत येणाऱ्या कॅपा याच. दाढेच्या चावण्याच्या बाजूला तडा, किंवा पातळ पापुद्रा निघून खालचं सिमेंट दिसतं. तुटलेल्या कडेची जाडी कॅलिपरने मोजली तर पुष्कळदा ०.६, ०.७ मिलिमीटर भरते. पीएमएमएच्या टेम्पररीला चावण्याच्या बाजूला साधारण १.५ मिलिमीटर आणि भिंतींना ०.८ ते १ मिलिमीटर जाडी हवी.

ही जाडी गेली कुठे? दात झिर्कोनियाच्या, म्हणजे कायमच्या कॅपच्या कडक सिरॅमिकच्या, हिशेबाने कापलेला असतो. मोनोलिथिक (एकसंध) झिर्कोनियाला दाढेवर १ मिलिमीटर जागा पुरते, काही वेळा त्याहून कमीही चालते, कारण त्याची वाकवण्याविरुद्धची ताकद ९०० ते १२०० मेगापास्कलच्या घरात असते. चांगल्या मिल्ड पीएमएमएची ताकद त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दात वाचवून कमी कापणं चांगलंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण कायमच्या कॅपला पुरणारी जागा टेम्पररीला पुरत नाही, हे नियोजनातच धरायला हवं.

उपाय तीन, आणि तिन्ही करण्याआधी डॉक्टर आणि लॅब यांनी फोनवर बोलावं. एक, सॉफ्टवेअरमध्ये किमान जाडीची मर्यादा टेम्पररीसाठी वेगळी लावा. झिर्कोनियाच्या सेटिंगवर टेम्पररी काढली की इशाराच येत नाही. दोन, स्कॅन आल्याबरोबर समोरच्या दातापर्यंतची जागा पाहून डॉक्टरांना स्क्रीनशॉट पाठवा: "इथे जागा कमी आहे, पेशंट खुर्चीवर असेल तर थोडं घेता येईल का?" तीन, जागा मिळणारच नसेल तर बाईट (वरच्या-खालच्या दातांचा टेका) हलका ठेवा, पण पूर्ण सोडवू नका. समोरचा दात टेकायला काही सापडलं नाही तर तो हळूहळू सरकतो, आणि मग कायमची कॅप बसवताना ती उंच लागते.

मिलिंगमध्ये आणखी एक छुपी चोरी आहे. कापलेल्या दाताची धार टोकदार राहिली असेल तर मशीनचं गोल टोकाचं बर (कोरायचं हत्यार) कॅपच्या आतल्या तेवढ्या अरुंद कोपऱ्यात शिरू शकत नाही. मग सॉफ्टवेअर तिथे आतून जास्त कोरून बर बसेल एवढी जागा करतं. डिझाइनच्या पडद्यावर १.४ दिसणारी जाडी प्रत्यक्षात ०.९ निघते. पुढच्या दातांत हे जास्त घडतं. दाताच्या कटिंगनंतर सगळ्या धारा बारीक बराने गोल करून घेतल्या तर बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो.

बाईट उंच आहे का, आणि तो उंच कुठे झाला?

जाडी बरोबर असूनही वरून तडा गेला, तर तुकड्यावर चमकणारा घासलेला ठिपका शोधा. तो सापडला तर एकाच जागी भार पडत होता. डॉक्टर बाईट पेपरने "टक-टक" करून बघतात, पण पेशंटला दात दाबून जबडा उजवीकडे-डावीकडे सरकवायला लावणं राहून जातं. रात्री दात खाणाऱ्या पेशंटची कॅप नेमकी त्याच हालचालीत जाते.

ज्यांच्याकडे तोंडात फिरवायचा स्कॅनर नाही, ते माप घेऊन पाठवतात आणि स्कॅन लॅबमध्ये होतो. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये या मापाचं काय होतं ते सांगण्यासारखं आहे. पारा ४५ च्या आसपास, आणि बाईटचं मेण स्कूटरच्या डिक्कीत ठेवून धंतोलीहून लॅबपर्यंत आलेलं. मेण मऊ पडून बसतं. आल्जिनेटचं (पाण्यात कालवायच्या पुडीचं) माप ओल्या कापडाशिवाय आलं असेल तर पाणी उडून आक्रसलेलं असतं. पुढचं सगळं काम संगणकावर मायक्रॉनमध्ये होतं, पण सुरुवातच वाकडी असते. उन्हाळ्यात मेणाऐवजी सिलिकॉनचा बाईट घ्या, आणि आल्जिनेट असेल तर क्लिनिकमध्येच लगेच प्लास्टर ओता. हा खर्च परत येणाऱ्या एका कॅपेपेक्षा कमीच.

उभे दोन भाग: आतून घट्ट

कॅप मधोमध उभी चिरली असेल आणि दोन्ही तुकडे चांगले जाड असतील, तर ती आतून कुठेतरी अडत होती. बसवताना जोर लावला, किंवा पेशंटने चावून बसवली, आणि दाताने पाचर मारल्यासारखं तिला फाडलं. सिमेंटसाठी सोडलेली फट किती होती ते फाईलमध्ये पाहा. ४० ते ६० मायक्रॉनपासून सुरुवात करून आपल्या मशीननुसार ठरवावं लागतं. प्रिंटेडमध्ये पकवल्यावर थोडं आक्रसणंही येतं, म्हणून मिल्डची सेटिंग प्रिंटेडला जशीच्या तशी लावू नका. आत सपोर्टचा (प्रिंट करताना दिलेल्या आधाराचा) बारीक कण राहिला असेल तरी हेच होतं.

मार्जिनचे टवके उडत असतील तर दाताला चाकूच्या धारेसारखं फिनिश, बोथट बर किंवा डिझाइनमध्ये शून्य जाडीची कड, या तिघांपैकी काहीतरी असतं. कडेला ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठेवा, बर वेळेवर बदला. पीएमएमए कापताना भुकटीऐवजी वितळलेल्या तारा निघू लागल्या, की बर संपलं असं समजा.

खर्रा आणि स्कॅनरचं डोकं

मार्जिनबद्दल आपल्या भागातला एक प्रश्न वेगळा लिहावा लागतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचं मिश्रण. त्यातली सुपारी वर्षानुवर्षं चघळणाऱ्याच्या गालाची आतली बाजू कडक होत जाते आणि तोंड कमी उघडतं. डॉक्टरांना हा आजार ओळखीचाच आहे. अशा पेशंटच्या शेवटच्या दाढेपर्यंत स्कॅनरचं डोकं पोहोचतच नाही. मागची कड स्कॅनमध्ये अर्धवट येते आणि सॉफ्टवेअर ती रिकामी जागा अंदाजाने भरून टाकतं. पडद्यावर सगळं गुळगुळीत दिसतं, कॅप मात्र मागून उघडी राहते किंवा तिथूनच टवका उडतो. रंगीत स्कॅन बंद करून नुसती जाळी पाहिली तर अशी जागा लगेच उठून दिसते. तिथे स्कॅनचा हट्ट सोडून साधं सिलिकॉनचं माप घ्यावं. आणि तोंड का उघडत नाही याची तपासणी कॅपच्या आधी व्हावी, हे डॉक्टरांना मी काय सांगणार.

सपाट, स्वच्छ तुटलेली कड: थर सुटले

प्रिंटेड कॅपची तुटलेली कड एकदम सपाट, पुस्तकाचं पान सुटल्यासारखी दिसली, तर दोन थर एकमेकांना नीट चिकटलेच नव्हते. कारणं बरीच आहेत.

रेझिन थंड असतं. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचं तापमान १० अंशांच्या जवळ जातं. सकाळी लॅब उघडल्याबरोबर बाटली ओतून प्रिंट सुरू केली की घट्ट रेझिन थराखाली नीट पसरत नाही. २५ अंशांच्या आसपास आल्याशिवाय सुरू करू नका. बाटली हलवलेली नसते, हे दुसरं कारण. रेझिनमधलं फिलर (बळकटी देणारी बारीक पूड) आणि रंगद्रव्य तळाशी बसतं. वरवरचं ओतलं तर कॅप कमजोरही निघते आणि शेडही (रंगछटाही) फिकी येते. एकाच बाटलीतून सुरुवातीला ए-१ सारखी फिकी आणि शेवटी ए-३ सारखी गडद कॅप निघत असेल तर दुसरं काही शोधू नका.

आणि लाईट. उन्हाळ्यातल्या दुपारी किंवा पहिल्या पावसाच्या वादळात लाईट गेली, प्रिंट मध्येच थांबली आणि नंतर पुढे चालू केली, तर त्या उंचीवर एक आडवी रेघ राहते. पॉलिश केल्यावर रेघ दिसेनाशी होते, कमजोरी तशीच राहते. अशी कॅप सरळ बाद करा. यूपीएस घ्या, एवढंच.

ब्रिजमध्ये (एकमेकींना जोडलेल्या कॅपा) दिशा फार महत्त्वाची. ब्रिज उभा करून प्रिंट केला तर थर नेमके जोडाच्या आडवे येतात आणि दोन दातांमधल्या सर्वांत अरुंद जागी तो कटकन तुटतो. आडवा ठेवला तर थर लांबीच्या बाजूने जातात. प्लेटवर जागा जास्त लागते, पण ब्रिज टिकतो. मिल्ड ब्रिजच्या जोडाचा छेद पुढच्या दातांत साधारण १२ चौरस मिलिमीटर, मागे लांब ब्रिज असेल तर १६ पर्यंत ठेवावा. नक्की आकडा त्या मटेरियलच्या पत्रकात असतो, तोच खरा. जोड सुंदर दिसावा म्हणून तो बारीक कोरायचा मोह आवरावा, उंची वाढवावी. हिरडीच्या बाजूने ब्रश जाईल एवढी जागा मात्र सोडायला हवी.

धुणं आणि पकवणं

इथे थोडं रेंगाळतो, कारण प्रिंटेड कॅपच्या तुटण्याचं आणि पिवळं पडण्याचं मूळ बऱ्याचदा एकच असतं आणि ते इथे असतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोलचं एकच भांडं आठवडाभर वापरलं की ते रेझिनने भरतं. मग त्यातून काढलेल्या कॅपवर चिकट पातळ थर उरतो. दोन भांडी ठेवा: पहिलं जुनं, दुसरं स्वच्छ. उलट चूक म्हणजे कॅप अल्कोहोलमध्ये सोडून जेवायला जाणं. जास्त वेळ बुडवली की पृष्ठभाग भुसभुशीत होतो, वाळल्यावर पांढुरका दिसतो. रेझिनच्या पत्रकात जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढीच. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. ओली कॅप लाइटबॉक्समध्ये घातली तर आत राहिलेलं अल्कोहोल पकण्यात अडथळा आणतं. कूलर चालू असलेल्या दमट खोलीत वाळायला वेळ लागतो हेही धरा. या अल्कोहोलची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. नागपूरच्या मे महिन्यात उघडं भांडं आणि शेजारी बर्नर, ही जोडी लॅबमध्ये नकोच.

पकवताना हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला घट्ट होऊ देत नाही. हा थर चिकट, मऊ आणि रंग पिणारा. नायट्रोजनची सोय असलेला बॉक्स नसेल तर कॅप ग्लिसरीनमध्ये बुडवून पकवा. साधा आणि स्वस्त उपाय. दोन्ही बाजू पकवा, मधेच उलटवा. आणि "जास्त पकवलं म्हणजे जास्त मजबूत" हा समज सोडा. गरजेपेक्षा जास्त प्रकाश आणि उष्णता मिळाली तर कॅप तिथेच पिवळसर होते.

पिवळी पडली: कशाने?

"डॉक्टरसाहेब, नवीन कॅप काहून पिवळी पडून राहिली जी?" हे वाक्य इथल्या प्रत्येक क्लिनिकमध्ये ऐकू येतं. उत्तर द्यायच्या आधी कॅपेवर कापसाने प्युमिसची (घासायच्या दगडाच्या पुडीची) ओली पेस्ट घासून बघा. डाग निघाला तर तो वरचा आहे, पॉलिशचा प्रश्न आहे. नाही निघाला तर रंग आत शिरलाय, किंवा कॅपचाच रंग बदललाय.

हळद हा मुख्य आरोपी. तिचा पिवळा घटक पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो. सावजी रस्सा आणि तर्री-पोह्यावरची तर्री म्हणजे हळद-तिखट मिसळलेलं गरम तेलच. रेझिनमध्ये शिरायला याहून सोपी वाट नाही. पण याच घटकाला ऊन सोसत नाही. तोंडातून काढलेली पिवळी कॅप दिवसभर खिडकीतल्या उन्हात ठेवा. पिवळेपणा बराच उतरला तर हळद होती. तसाच राहिला तर पकवण्यातली गडबड किंवा जुनं रेझिन. भांडण लॅबचं की ताटाचं, याचा निकाल एवढ्यावर लागतो.

चहाचा डाग तपकिरी, बहुधा हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या मध्ये. तिथे आधी किटण साचतं, मग ते रंगतं. क्लोरहेक्सिडिनच्या (जंतुनाशक) गुळण्या चालू असतील तर हा डाग झपाट्याने वाढतो, हे पेशंटला आधीच सांगावं. खर्रा खाणाऱ्याच्या कॅपवर सुपारी-तंबाखूचा तपकिरी रंग चढतो, आणि वर चुना हळदीला तांबूस करतो. हळद-चुन्याचं कुंकू आपल्याला माहीत आहेच. यावर लॅबमध्ये उपाय नाही. शिवाय कडक सुपारीचा तुकडा पातळ कॅपला तडा द्यायला पुरेसा असतो.

लॅबच्या हातात आहे ते पॉलिश. पृष्ठभागाचा खरबरीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की किटण जास्त साचतं, असं दंतशास्त्रात धरलं जातं. फक्त ग्लेझ (चमकीचा लेप) मारून चमक आणलेली कॅप पहिल्या दिवशी देखणी, पण ग्लेझ झिजला की खालचा खरबरीत थर उघडा पडतो. मी आधी रबराने, मग प्युमिसने, मग बारीक पेस्टने बफ करायच्या बाजूचा आहे. हवा तर नंतर ग्लेझ लावा. बफ कमी वेगाने आणि थांबत-थांबत चालवा, पीएमएमए लवकर तापतं. खुर्चीवर बाईट घासल्यानंतर तेवढी जागा पुन्हा चकचकीत करणं डॉक्टरांकडे असतं, आणि नेमकी तीच जागा आधी पिवळी पडते. पेशंटला काळं दंतमंजन आणि कोळशाची पेस्ट बंद करायला सांगा. दोन्ही पृष्ठभाग ओरबाडतात.

पहिल्या दिवसापासूनच रंग चुकला

शेड कटिंगच्या आधी घ्या. तोंड उघडं ठेवून दात वाळला की तो पांढरा दिसतो, आणि मग कॅपही तशीच मागवली जाते. शेड गाईडची पट्टी दाताशेजारी धरून, पट्टीवरचा आकडा दिसेल असा फोटो पाठवा. नुसतं "ए-२" लिहिलेलं असतं तेव्हा कुणाच्या नजरेतलं ए-२ हे कळत नाही.

आरसीटी (रूट कॅनाल) झालेला काळपट दात किंवा धातूचा कोर (दातात बसवलेला आधार) असेल तर ते लिहून कळवा. टेम्पररीचं मटेरियल थोडं पारदर्शक असतं, खालचा काळा वर झिरपतो आणि कॅप राखाडी दिसते. अपारदर्शक सिमेंटने थोडं झाकलं जातं. मल्टिलेयर (वेगवेगळ्या छटांच्या थरांच्या) डिस्कमध्ये कॅप वर-खाली कुठे बसवली यावरही रंग ठरतो. फार वर बसवली तर सगळी कॅप कडेच्या पारदर्शक थरातून निघते आणि निस्तेज दिसते.

निघून येते

तुटत नाही, पण सुटते, तर दाताची उंची बघा. दाढेला ४ मिलिमीटरपेक्षा कमी उंची आणि वर भिंती जास्त तिरक्या, म्हणजे कुठलंही तात्पुरतं सिमेंट हरणार. खाचा किंवा आडवी पकड द्यावी लागते. लवंगतेलाचा अंश असलेलं झिंक ऑक्साइड-युजेनॉल सिमेंट मात्र रेझिनच्या टेम्पररीखाली टाळा. युजेनॉल रेझिन मऊ करतं, आणि पुढे कायमची कॅप रेझिन सिमेंटने चिकटवायची असेल तर तिच्याही आड येतं. युजेनॉल नसलेली तात्पुरती सिमेंट सहज मिळतात.

दुरुस्ती की नवीन?

लहान टवका असेल तर नवीन कॅप कशाला. मिल्ड पीएमएमए खरबरीत करून त्यावर मोनोमरचा हात फिरवा आणि थोडा थांबून ॲक्रिलिक लावा. गुळगुळीत पीएमएमएवर थेट लावलेला थोडका भाग दोन दिवसांत निघतो. प्रिंटेडला खरबरीत करून बाँडिंग (चिकटवणारा द्रव) आणि फ्लोएबल कंपोझिट (दात भरायचं पातळ रेझिन) चालतं. तडा जोडापर्यंत गेला असेल किंवा जाडीच कमी असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. फाईल उघडा, जाडी बदला, मग काढा.

शेवटचा मुद्दा मटेरियल निवडण्याचा, आणि तो पेशंटचं गाव विचारूनच ठरतो. काटोल-सावनेरकडचा शेतकरी कॅप बसवून गेला की संत्र्याचा तोडा उरकल्याशिवाय परत येत नाही. तीन आठवड्यांची म्हणून बसवलेली कॅप पाच-सहा महिने तोंडात राहते. "चालून राहिलं, कशाला घाई" असं ते म्हणतात, आणि त्यांचंही बरोबर असतं. अशा पेशंटला प्रिंटेड देऊ नका. काही मिल्ड पीएमएमए ब्लॉक १२ महिन्यांपर्यंतच्या वापरासाठी दिलेले असतात, त्यांतलाच घ्या. भिंती १ मिलिमीटर ठेवा, जोड भरीव ठेवा, आणि पुढच्या वेळी येतील तेव्हा कड आणि बाईट तपासायची तारीख त्यांच्याच सोयीने, तोड्याच्या आधीची किंवा नंतरची, कार्डावर लिहून द्या.